फाडफाड इंग्रजी आणि चुकलेलं उत्तर

प्रश्न : मी बारावी विज्ञान शाखेत आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. एनडीएची लेखी परीक्षा द्यायची आहे. गणिताची भीती वाटत नाही, पण इंग्रजीला २०० गुण आहेत आणि व्याकरणाचं जाडजूड पुस्तक उघडलं की कुठून सुरुवात करावी तेच कळत नाही. काय करायचं आणि काय सोडायचं? आणखी एक कुतूहल आहे. आमच्या क्लासमधली इंग्लिश मीडियमची मुलं फाडफाड बोलतात, पण ‘चूक ओळखा’च्या सरावात त्यांचीही उत्तरं माझ्याइतकीच चुकतात. असं का होत असेल?
— एक विद्यार्थिनी, लातूर जिल्हा

उत्तर : आधी तुझं कुतूहल घेऊ. काय करायचं नि काय सोडायचं, हे त्यातूनच बरंचसं ठरतं.

बोलताना आपण समोरच्याला कळेल एवढीच काळजी घेतो. ‘आय हॅव सीन दॅट मूव्ही यस्टरडे’ असं कोणी म्हटलं तर लातूरला काय नि दिल्लीला काय, कोणाचंच अडत नाही. सिनेमा पाहून झालाय हे कळतं आणि गप्पा पुढे सरकतात. हेच वाक्य वर्गात, टीव्हीवर, कधी सरांच्याही तोंडून ऐकलं की ते कानाला सवयीचं होतं. परीक्षेत ते समोर आलं की बरोबरच वाटतं. ‘यस्टरडे’ म्हटल्यावर ‘हॅव सीन’ चालत नाही, साधं ‘सॉ’ लागतं, हे त्या क्षणी कान सांगत नाही. प्रश्न काढणाऱ्यांना ही गोष्ट पक्की ठाऊक असते. ते दुर्मीळ चूक शोधत बसत नाहीत, आपल्याकडे रोज होणारी चूक उचलतात आणि तिच्याभोवती वाक्य रचतात. कानावर विसंबणारा विद्यार्थी नेमका तिथे फसतो. तुझा कान अजून तेवढा भरवशाचा नाही, त्यामुळे तू वाक्य तपासत जातेस. या एका प्रश्नप्रकारापुरता तो तुझा फायदाच आहे.

आता हिशेब बघ. गणिताचा पेपर ३०० गुणांचा. दुसरा, जनरल अ‍ॅबिलिटीचा, ६०० गुणांचा. अडीच तास, १५० प्रश्न. त्यातले ५० प्रश्न इंग्रजीचे, प्रत्येकी ४ गुणांचे. उत्तर चुकलं की १.३३ वजा. यूपीएससीच्या अभ्यासक्रमात गणिताची लांबलचक यादी आहे आणि इंग्रजीला जेमतेम दोन वाक्यं. भाषा समजते का, शब्द कामापुरते नेमके वापरता येतात का, एवढंच पाहायचं आहे असा त्यांचा सूर. व्याकरण, शब्दसंग्रह, उताऱ्याचं आकलन आणि वाक्यांची संगती हे त्यातले भाग. म्हणजे पन्नासच्या पन्नास प्रश्न व्याकरणाचे नसतात. समानार्थी, विरुद्धार्थी, वाक्प्रचार, उतारे हेही असतात आणि प्रमाण दर परीक्षेला थोडं बदलतं. पण वाक्यातली चूक ओळखणं, वाक्य सुधारणं, गाळलेली जागा भरणं, उलटसुलट तुकडे लावणं या सगळ्यांच्या खाली व्याकरणच असतं.

व्याकरणातला बराचसा भाग तू बिनधास्त सोडू शकतेस. नामाचे प्रकार, काळांच्या व्याख्या, उपवाक्यांचं पृथक्करण यांवर शाळेत आपण वर्षं घालवतो, ते इथे जवळजवळ विचारतच नाहीत. अधोरेखित शब्दाची जात ओळखण्याचा प्रश्न मधूनमधून येतो, तेवढ्यापुरत्या शब्दांच्या आठ जाती पक्क्या ठेव. उरलेला वेळ जिथे मराठी माणूस हमखास घसरतो अशा जागांना दे.

पहिली आणि सगळ्यात मोठी जागा म्हणजे कर्ता आणि क्रियापद यांचा मेळ. हे वाक्य बघ. परीक्षेत ते असंच तुकडे करून येतं :

(अ) द बास्केट ऑफ मँगोज / (ब) सेन्ट बाय माय अंकल फ्रॉम रत्नागिरी / (क) हॅव बीन लाइंग इन द व्हरांडा सिन्स यस्टरडे / (ड) नो एरर

‘मँगोज’ अनेकवचनी, त्यामुळे ‘हॅव’ कानाला खटकत नाही. पण पडून आहे कोण? बास्केट. ती एकच आहे. म्हणून ‘हॅज’ हवं, उत्तर (क). आपल्याला हे चटकन का दिसत नाही, याचं माझं एक कारण आहे. मराठीत ‘तिने पोळी खाल्ली’, ‘तिने भात खाल्ला’, ‘तिने लाडू खाल्ले’. खाणारी तीच, पण क्रियापद बदललं ते खाल्लेल्या वस्तूप्रमाणे, आणि ती वस्तू क्रियापदाला अगदी खेटून बसलेली. क्रियापदाने शेजारच्या नामाशी जुळवून घ्यावं ही सवय आपल्या भाषेनेच लावलेली आहे. इंग्रजीत क्रियापद बांधील असतं ते कर्त्याला, मग कर्ता दहा शब्द मागे का असेना.

म्हणून वाचतानाच एक कृती करायची. आधी क्रियापदावर बोट ठेवायचं, मग ‘कोण?’ विचारायचं, आणि ‘ऑफ’, ‘अलाँग विथ’, ‘अ‍ॅज वेल अ‍ॅज’, ‘सेन्ट बाय’ यांनी सुरू होणारे मधले तुकडे पेन्सिलीने कंसात टाकायचे. कंसाबाहेर जे नाम उरेल ते कर्ता. ‘द प्रिन्सिपल, अलाँग विथ द टीचर्स, वॉज प्रेझेंट’ यात शिक्षक कितीही असोत, क्रियापद मुख्याध्यापकांचंच. ‘वन ऑफ माय फ्रेंड्स’मध्ये ‘फ्रेंड्स’ अनेकवचनी, पण क्रियापद ‘वन’चं, म्हणून ‘इज’. ‘द नंबर ऑफ स्टुडंट्स’ला ‘इज’, पण ‘अ नंबर ऑफ स्टुडंट्स’ला ‘आर’; ही जोडी प्रश्न काढणाऱ्यांची लाडकी आहे. ‘इच’ आणि ‘एव्हरी’ नेहमी एकवचनी. अपवाद म्हणून ‘नीदर… नॉर’ आणि ‘आयदर… ऑर’ लक्षात ठेव. तिथे मात्र क्रियापद शेजारच्या नामाप्रमाणेच चालतं : ‘नीदर द कॅप्टन नॉर द प्लेयर्स वेअर रेडी’.

दुसरी जागा जोडशब्दांची. आपण जोडीने बोलतो : जरी–तरी, जेव्हा–तेव्हा, कारण–म्हणून. इंग्रजीला बहुतेक ठिकाणी एकच शब्द पुरतो. ‘ऑलदो ही इज पुअर, बट ही इज ऑनेस्ट’ यातला ‘बट’ हा आपला ‘तरी’ आहे, तो काढला की वाक्य शुद्ध. ‘अ‍ॅज इट वॉज रेनिंग, सो वी स्टेड अ‍ॅट होम’मधला ‘सो’ म्हणजे आपला ‘म्हणून’. पण काही जोड्या इंग्रजीच्याही पक्क्या आहेत आणि तिथे दुसरा शब्द बदलला की चूक होते. ‘नो सूनर’ला ‘दॅन’, ‘हार्डली’ला ‘व्हेन’, ‘नॉट ओन्ली’ला ‘बट ऑल्सो’, ‘लेस्ट’ला ‘शुड’. एवढ्या पाठच करून टाक, यात समजून घेण्यासारखं फार काही नाही.

काळांत बारा रकाने भरण्यापेक्षा दोन गोष्टी पुरेत. एक, ‘मी त्याला पाच वर्षांपासून ओळखते’ हे मराठीत साध्या वर्तमानकाळात येतं. इंग्रजीत ‘आय नो हिम फॉर फाइव्ह इयर्स’ चालत नाही, ‘आय हॅव नोन हिम’ लागतं. ‘फॉर’ किंवा ‘सिन्स’ दिसलं की क्रियापद थांबून बघायचं. कालावधी असेल तर ‘फॉर’, सुरुवातीचा क्षण असेल तर ‘सिन्स’. दोन, ‘इफ इट विल रेन, आय विल नॉट कम’ ही चूक मराठीने खरं तर होऊच देऊ नये. आपण ‘पाऊस येईल तर’ असं म्हणतो का? ‘पाऊस आला तर मी येणार नाही’ असंच म्हणतो, भविष्यकाळ ‘तर’च्या पुढे. इंग्रजीतही ‘विल’ फक्त दुसऱ्या अर्ध्यात : ‘इफ इट रेन्स, आय विल नॉट कम’. इथे तू बिनदिक्कत मराठी कानावर विसंबू शकतेस.

‘अ’ आणि ‘अ‍ॅन’चा घोळ तर देवनागरीच सोडवते. इंग्लिश मीडियमची मुलं स्पेलिंग बघतात आणि चुकतात, कारण नियम अक्षराचा नसून उच्चाराचा आहे. तू तो शब्द मनात देवनागरीत लिही. पहिलं अक्षर स्वर आलं तर ‘अ‍ॅन’, व्यंजन आलं तर ‘अ’. ऑनेस्ट : ऑ, म्हणून ‘अ‍ॅन ऑनेस्ट मॅन’. अवर : अ, म्हणून ‘अ‍ॅन अवर’. युनिव्हर्सिटी : य, म्हणून ‘अ युनिव्हर्सिटी’. ‘एम.एल.ए.’ : ए, म्हणून ‘अ‍ॅन एम.एल.ए.’. ‘वन-रुपी कॉइन’ : व, म्हणून ‘अ’. ‘द’ कुठे घालायचा हे मात्र इतकं सोपं नाही. मराठीत ती वस्तूच नाही, त्यामुळे ते वाचनातूनच अंगवळणी पडेल. नद्या, समुद्र, पर्वतरांगा यांना ‘द’. एकट्या शिखराला नाही. ‘बेस्ट’, ‘टॉलेस्ट’सारख्या शब्दांआधी ‘द’. परीक्षेपुरतं बरंचसं यात भागतं.

शब्दयोगी अव्ययांच्या चुका आपल्या विभक्तींतून येतात. तिच्या‘शी’ लग्न झालं, म्हणून ‘मॅरिड विथ’. हवं ‘मॅरिड टू’. त्या‘विषयी’ चर्चा केली, म्हणून ‘डिस्कस्ड अबाउट’. हवं नुसतं ‘डिस्कस्ड’. माझ्या‘पेक्षा’ ज्येष्ठ, म्हणून ‘सीनियर दॅन’. हवं ‘सीनियर टू’, तसंच ‘ज्युनियर टू’, ‘सुपिरियर टू’, ‘प्रिफर टी टू कॉफी’. मुंबई‘ला’ पोचलो, म्हणून ‘रीच्ड टू मुंबई’. हवं ‘रीच्ड मुंबई’. खोली‘त’ शिरलो, म्हणून ‘एंटर्ड इन द रूम’. हवं ‘एंटर्ड द रूम’. अशा पन्नाससाठ जोड्यांची यादी तू स्वतःच कर. क्लासची छापील यादी चाळून विसरली जाते.

आणि आता माझी आवडती चूक. ‘वॉकिंग डाउन द रोड, अ डॉग बिट मी.’ यात काय चुकलं? मराठीत सांग : ‘रस्त्याने चालताना मला कुत्रा चावला.’ अगदी चोख मराठी, कोणी हसणार नाही, चालत मी होते हे सगळ्यांना कळतं. इंग्रजीत मात्र स्वल्पविरामानंतर जो कर्ता येईल तोच चालणारा ठरतो, म्हणजे इथे कुत्रा फिरायला निघालाय. ‘वॉकिंग डाउन द रोड, आय वॉज बिटन बाय अ डॉग’ असं हवं, नाहीतर ‘व्हाइल आय वॉज वॉकिंग’ म्हणून सुरुवात करायची. ‘रस्त्याने जाताना साप दिसला’ यात तर पाहणाऱ्याचा पत्ताच नाही आणि आपलं काही बिघडत नाही. मराठी हे सहज सामावून घेते, म्हणून मराठी मुलांना ही चूक शिकवावीच लागते. वाक्य ‘-इंग’ने सुरू झालं की स्वल्पविरामापलीकडे कोण उभं आहे ते बघायची सवय लाव.

याच जातीची आणखी एक. ‘स्टेशन कुठे आहे?’ आणि ‘स्टेशन कुठे आहे ते सांगाल का?’ यात आपला शब्दक्रम हलत नाही. इंग्रजीत हलतो. नुसत्या प्रश्नात ‘व्हेअर इज द स्टेशन?’, पण ‘कॅन यू टेल मी’ लावलं की ‘व्हेअर द स्टेशन इज’. इनडायरेक्ट स्पीचचे निम्मे प्रश्न याच एका गोष्टीवर उभे असतात.

‘इन्फर्मेशन’, ‘अ‍ॅडव्हाइस’, ‘फर्निचर’, ‘लगेज’, ‘सीनरी’ यांना अनेकवचनाचा ‘स’ लागत नाही. ‘न्यूज’ दिसायला अनेकवचनी, पण क्रियापद एकवचनी.

सराव कसा करायचा? यूपीएससीच्या संकेतस्थळावर जुन्या प्रश्नपत्रिका मोफत आहेत. त्यातले फक्त इंग्रजीचे प्रश्न घे. ‘चूक ओळखा’चं प्रत्येक वाक्य सोडवल्यावर समासात एक अक्षर लिही : मेळ चुकला असेल तर ‘मे’, काळ असेल तर ‘का’, जोडशब्द ‘जो’, शब्दयोगी ‘श’, उपपद (अ, अ‍ॅन, द) ‘उ’. पाचसहा पेपर झाले की समास वरपासून खालपर्यंत वाचत जा आणि तुझी चुकलेली उत्तरं कोणत्या अक्षरापाशी जास्त आहेत ते बघ. बहुतेकांची दोनच अक्षरं निघतात. त्या दोन प्रकरणांवर पुस्तक उघडायचं. बाकीचं नुसतं चाळायचं. आणि ‘नो एरर’ हे उत्तरही खरं असतं. वाक्यात चूक असलीच पाहिजे या हट्टाने चांगलं वाक्य बिघडवू नकोस.

अंदाजाचंही गणित करून ठेव, तू गणितात चांगली आहेस म्हणून सांगतो. चार पर्यायांपैकी डोळे मिटून एक निवडलास तर चारातून एकदा ४ मिळतील आणि तीनदा १.३३ जातील, म्हणजे सरासरी शून्य. फायदाही नाही, तोटाही नाही. पण एक पर्याय नक्की चुकीचा आहे हे कळलं तर तिघांतून निवडताना सरासरी पाव गुणाहून जास्त, जवळजवळ अर्धा गुण हाती लागतो. दोन बाद करता आले तर सव्वा गुणाच्या वर. वर सांगितलेल्या जागा तपासल्या की एखाददुसरा पर्याय बाद होतोच. तेव्हा एकही पर्याय बाद करता येत नसेल तो प्रश्न सोडून दे, बाकी ठिकाणी उत्तर लिही.

मुलींना ही परीक्षा खुली झाली ती सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१च्या अंतरिम आदेशानंतर, आणि खडकवासल्याच्या एनडीएत मुलींची पहिली तुकडी २०२२ साली दाखल झाली. त्यामुळे तुला आधीच्या मुलींच्या तयारीचे अनुभव मुलांइतके सहज मिळणार नाहीत, पण पेपर तोच आहे. मधल्या काळात बीबीए–बीसीएची सीईटी देणार असशील (महाराष्ट्रात २०२४पासून सुरू झालेली), तर तिथे १०० पैकी ४० प्रश्न इंग्रजीचे आहेत आणि चुकीला वजाबाकी नाही. तीच तयारी तिथेही कामी येईल, फक्त तिथे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत आहे, शिक्षण पहिलीपासून इंग्रजी माध्यमात. अमेरिकेतल्या कॉलेजांसाठी सॅट द्यायची म्हणतो. त्याचं इंग्रजी उत्तम आहे, तरी सराव चाचणीत व्याकरणाच्या प्रश्नांत गुण जातात. भारतातल्या परीक्षांचं ‘चूक ओळखा’चं पुस्तक त्याला उपयोगी पडेल का?
— एक आई, ठाणे

उत्तर : फारसं नाही. सॅटमध्ये ‘चूक ओळखा’ हा प्रकारच नाही. छोटा उतारा असतो, जास्तीत जास्त दीडशे शब्दांचा, त्यात एक जागा रिकामी, आणि चार पर्याय. बऱ्याचदा चारही पर्यायांत शब्द तेच असतात, फरक असतो तो विरामचिन्हांचा. तुमच्या मुलाचे गुण बहुधा तिथेच जात असावेत. आपल्या शाळांत विरामचिन्हं पहिल्या सत्रात एका तासात उरकतात.

भारतासह अमेरिकेबाहेर ही परीक्षा मार्च २०२३पासून संगणकावर होते. रीडिंग अँड रायटिंगचे ५४ प्रश्न, ६४ मिनिटं, २७–२७ प्रश्नांचे दोन भाग. पहिल्या भागात कसं जमलं त्यावर दुसरा भाग सोपा येणार की अवघड ते ठरतं. यातले ११ ते १५ प्रश्न निखळ व्याकरणाचे. वजाबाकी नाही, तेव्हा वेळ संपत आला तर उरलेल्या सगळ्यांवर काहीतरी टिकमार्क करायलाच हवा.

त्या प्रश्नांत सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे स्वल्पविराम. ‘पाऊस आला, आम्ही घरी गेलो’ हे मराठीत कोणालाही खटकत नाही. गंमत म्हणजे आपली विरामचिन्हंही इंग्रजीतूनच आलेली. एकोणिसाव्या शतकात ती मराठीत रुजवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडींना दिलं जातं. पण ती घेताना आपण नियम सैल ठेवले. इंग्रजीत दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडणं ही चूक आहे. मुख्य पर्याय चार : पूर्णविराम, अर्धविराम, स्वल्पविरामानंतर ‘अँड’, ‘बट’, ‘सो’सारखा जोडशब्द, किंवा दुसरं वाक्य पहिल्याचं स्पष्टीकरण असेल तर अपूर्णविराम. ‘हाउएव्हर’ हा जोडशब्द नाही, हे मुद्दाम त्याला सांगा. त्याच्याआधी नुसता स्वल्पविराम ठेवून दोन वाक्यं जोडलेला पर्याय वारंवार ठेवलेला असतो, आणि चांगलं इंग्रजी वाचणारी मुलंही तो निवडतात.

त्याला ही तपासणी करायला लावा. रिकाम्या जागेच्या डावीकडचा भाग एकटा वाचायचा : पूर्ण वाक्य आहे का? मग उजवीकडचा एकटा : पूर्ण आहे का? दोन्ही पूर्ण असतील तर नुसत्या स्वल्पविरामाचा पर्याय लगेच बाद. डावीकडचा अपूर्ण असेल तर अपूर्णविराम बाद, कारण सॅटमध्ये त्याच्या डावीकडे पूर्ण वाक्य लागतंच. चिन्हांच्या प्रश्नांपैकी निम्मे तरी एवढ्यात सुटावेत. मग उरतात मधे घुसलेले तुकडे : एका बाजूला डॅश असेल तर दुसऱ्या बाजूलाही डॅशच, एकीकडे स्वल्पविराम नि दुसरीकडे डॅश चालत नाही. नावाआधी हुद्दा आला, म्हणजे ‘सायंटिस्ट अमुक’, तर मधे स्वल्पविराम नाही. बाकी कर्ता–क्रियापद मेळ आणि ‘वॉकिंग डाउन द रोड’ची चूक तिथेही आहेच, ती वरच्या उत्तरात वाचायला द्या.

क्लासला पैसे भरण्याआधी ब्लूबुक या परीक्षेच्याच अधिकृत अ‍ॅपवरच्या सराव चाचण्या आणि खान अकॅडमीचा सॅटचा अभ्यासक्रम करून घ्या. दोन्ही मोफत आहेत. शिवाय कॉलेजांची यादी आधी पक्की करा. अनेक कॉलेजांनी करोनाकाळात सॅटची सक्ती काढली. एमआयटीने २०२२मध्ये आणि डार्टमथने २०२४मध्ये ती परत आणली. त्याच्या यादीतल्या किती कॉलेजांना गुण हवेच आहेत, त्यावर किती महिने घालवायचे ते ठरेल.

प्रश्न : माझ्या कपाटात कॉलेजच्या दिवसांतलं, चाळीसेक वर्षांपूर्वीचं रेन अँड मार्टिन आहे. मुलगी सीयूईटी देणार आहे. तेच पुस्तक चालेल, की नवीन घेऊ?
— एक वाचक, फोंडा, गोवा

उत्तर : व्याकरणासाठी चालेल. चाळीस वर्षांत कर्ता–क्रियापदाचे नियम बदललेले नाहीत. यातले रेन म्हणजे ‘बो जेस्ट’ ही फ्रेंच फॉरिन लीजनमधल्या साहसाची कादंबरी लिहिणारे पी. सी. रेन, काही वर्षं ते मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात होते. त्यांच्या पुस्तकाने आपल्या तीनचार पिढ्यांना घाबरवलं, पण त्यातले सराव खरोखर चांगले आहेत. आमच्या घरांत त्याच्याआधी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला यायची, कारण ती मराठीतून इंग्रजीकडे नेई. रेन अँड मार्टिन तसं करत नाही, त्यामुळे ते पहिल्या पानापासून वाचणारा विसाव्या पानावर झोपतो.

मुलीला सगळं वाचायला लावू नका. सीयूईटीच्या इंग्रजीला ५० प्रश्न, ६० मिनिटं, बरोबरला ५ गुण आणि चुकीला १ वजा. त्यात मोठा वाटा उताऱ्यांचा, मग शब्दसंग्रह, योग्य शब्द निवडणं आणि वाक्याचे तुकडे जुळवणं. पुस्तकातलं कर्ता–क्रियापद मेळाचं प्रकरण, काळांच्या वापराचं, उपपदांचं, शब्दयोगी अव्ययांचं आणि डायरेक्ट–इनडायरेक्टचं, एवढी तिने सरावासकट करावीत. पत्रलेखन, निबंध, कवितेच्या वृत्तांचा भाग बाजूला. शब्दांसाठी मात्र जुनं पुस्तक पुरणार नाही, तिथे रोजचं वर्तमानपत्र आणि शब्दकोशच हवा.

सरावाची उत्तरं पुस्तकात मागे नसतात. ‘की’ वेगळी विकत मिळते. ती घेताना तुमच्या जुन्या आवृत्तीचे सरावक्रमांक तिच्याशी जुळतात ना ते दुकानातच ताडून बघा. जुळत नसतील तर तेवढ्यासाठी नवं पुस्तकच घेतलेलं बरं.